सेव्ह करण्याआधी एकदा वाचून दाखवा : रुग्णालयाच्या संगणकातील तुमची नोंद

काही महिन्यांपूर्वी एक आजी पायाच्या जखमेसाठी ओपीडीत आल्या. सोबत मुलगा होता आणि त्याच्या हातात दुसऱ्या एका रुग्णालयाचे छापील डिस्चार्ज कार्ड. ‘औषधाची ॲलर्जी’ या रकान्यापुढे ‘नाही’ असे स्वच्छ छापलेले. मी ॲमॉक्सिसिलिन लिहायला घेतले आणि सवयीने विचारले, “आजी, कधी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, असं झालंय का?”

“झालंय की! पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं एकदा. डोळे मिटले होते सुजून. दोन दिवस सलाईन लावलं होतं.”

मुलगा चकित झाला. “आई, हे तू तिथे का नाही सांगितलंस?”

“कुणी विचारलंच नाही रे.”

ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातले औषध. मी ते खोडले आणि दुसरे लिहिले. पण तो ‘नाही’ माझ्या डोक्यातून जाईना. तो आजींनी सांगितला नव्हता, डॉक्टरांनी लिहिला नव्हता. बहुधा संगणकावर त्या रकान्यात आधीपासूनच ‘नाही’ निवडलेले होते. कुणी बदलले नाही, म्हणून तेच सेव्ह झाले आणि तेच छापले गेले.

आज तुमची आरोग्याची माहिती कागदावरून संगणकात जाते आहे. ती साठवण्याआधी कोण तपासते, कशी तपासते आणि त्यात तुमचा वाटा काय, हे समजून घेण्याची ही वेळ आहे.

बातमीतला तो मोबाइल नंबर

ऑगस्ट २०२३ मधली एक बातमी तुम्हाला आठवत असेल. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, यांचा आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. अहवालात असे दिसले, की सुमारे ७.५ लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर होता : ९९९९९९९९९९. आणखी सुमारे १.३९ लाख लोकांपुढे ८८८८८८८८८८ होता.

एवढेच नव्हते. न पटणाऱ्या जन्मतारखा, नावाच्या जागी भलतीच अक्षरे, एकाच माणसाचे दोन ओळख क्रमांक, असे बरेच काही सापडले. ४३ हजारांहून अधिक कुटुंबांत ११ ते २०१ सदस्य दाखवले होते. एकाच रुग्णाचे एकाच काळात दोन रुग्णालयांत उपचार झाल्याचे दावे होते. आधी मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावावर पुन्हा उपचार झाल्याच्याही नोंदी होत्या. लाभार्थ्यांच्या यादीतील चुकांमागे माहितीच्या पडताळणीची पुरेशी सोय संगणक प्रणालीत नव्हती, असे कॅगने म्हटले.

त्यावर केंद्र सरकारचे म्हणणे असे होते, की लाभार्थ्याची ओळख मोबाइल नंबरवरून ठरतच नाही, ती आधारवरून ठरते. मोबाइल नंबर सक्तीचा नव्हता, त्यामुळे काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी कोणताही नंबर टाकला असावा. एकाच काळातल्या दोन उपचारांबाबतही एक खुलासा होता. ५ वर्षांखालील मुलांना आईवडिलांच्या कार्डावर उपचार मिळतात. त्यामुळे आई एका रुग्णालयात आणि बाळ दुसऱ्या रुग्णालयात असेल, तर कागदावर एकच रुग्ण दोन ठिकाणी दिसतो. मृत रुग्णांच्या काही नोंदींबाबत सांगितले गेले, की रुग्ण दाखल झाल्यावर मंजुरीची विनंती तीन दिवसांपर्यंत उशिरा पाठवता येते. त्याआधीच रुग्ण दगावला, तर तारखांचा क्रम उलटा दिसतो.

दोन्ही बाजू वाचल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, चुकीची माहिती अडवणारे कुणी नसेल तर ती लाखांच्या संख्येने साठते. दोन, विचित्र दिसणारी प्रत्येक नोंद लबाडीच असते असे नाही. या दोन्ही गोष्टी तुमच्या स्वतःच्या नोंदीलाही लागू आहेत.

‘सेव्ह’ दाबल्यावर आत काय होते?

काउंटरवरचा कर्मचारी तुमची माहिती भरतो आणि ‘सेव्ह’ दाबतो. चांगली प्रणाली ती माहिती लगेच साठवत नाही. आधी काही साधे प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न : आवश्यक रकाना रिकामा तर नाही ना? नावच नसेल तर नोंद पुढे जात नाही.

दुसरा : लिहिलेले योग्य रूपात आहे का? भारतातला मोबाइल नंबर १० अंकी असतो. तिथे ९ किंवा ११ अंक आले, तर प्रणाली थांबते. आधार क्रमांक १२ अंकी असतो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर गणित जुळत नाही आणि चूक लगेच पकडता येते.

तिसरा : आकडा शक्यतेच्या कक्षेत आहे का? वय १८० वर्षे, ताप ३७० अंश, उंची ६ सेंटिमीटर, हे अशक्य आहे हे संगणकाला आधी सांगून ठेवावे लागते. सांगितले नसेल तर तो मुकाट्याने साठवतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या ३२ वर्षांच्या एका पत्रकाराला कोविडच्या लसीसाठी अचानक लवकर बोलावणे आले. तेव्हा लस वृद्धांना आणि गंभीर आजार असलेल्यांना आधी मिळत होती. त्याने चौकशी केली, तेव्हा कळले की त्याची ६ फूट २ इंच उंची नोंदीत ६.२ सेंटिमीटर अशी गेली होती. त्यावरून संगणकाने त्याचा बॉडी मास इंडेक्स २८,००० काढला आणि त्याला अतिलठ्ठ ठरवून यादीत वर ढकलले. निरोगी माणसात हा आकडा साधारण १८.५ ते २५ असतो. “माणूस ६ सेंटिमीटर उंच असू शकत नाही” एवढी एक ओळ प्रणालीत असती, तर ही नोंद दारातच अडली असती. जगभर लोक हसले. पण याच चुकीवरून एखाद्याच्या भुलेच्या औषधाची मात्रा ठरली असती, तर कुणी हसले नसते.

चौथा प्रश्न : रकाने एकमेकांशी जुळतात का? डिस्चार्जची तारीख दाखल होण्याच्या आधीची कशी? पुरुष रुग्णाच्या नोंदीत गर्भारपणाची तपासणी कशी? हे प्रश्न विचारणे अवघड असते. म्हणून अनेक प्रणालींत ते राहून जातात.

संगणक जे पकडू शकत नाही

आता असे समजा, की चारही तपासण्या चोख आहेत. तरी चूक होईल का? होईल.

तुमच्या मुलीचे वजन १२ किलो आहे. घाईत १२० टाइप झाले, तर प्रणाली अडवेल, कारण तीन वर्षांच्या मुलीचे वजन १२० किलो नसते. पण अंक उलटे होऊन २१ झाले तर? २१ किलोचे मूल असू शकते. संगणकाला त्यात गैर काही दिसणार नाही.

लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. तापासाठीच्या पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा साधारणपणे दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असते. १२ किलोला १२० ते १८० मिलिग्रॅम. २१ किलो धरले, तर २१० ते ३१५. म्हणजे जवळपास पावणेदोन पट, आणि तीही दिवसातून तीन-चार वेळा. पॅरासिटामॉल जास्त झाले की यकृताला इजा होते. फिट्सची, कॅन्सरची, भुलेची औषधे असतील तर धोका आणखी वाढतो.

एककांचेही तसेच. भारतात आणि अमेरिकेत रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. उपाशीपोटीची १२६ साखर तिथे ७ अशी लिहितात. तुमचा मुलगा लंडनमध्ये असेल आणि तुम्ही फोनवर “साखर सात आली” असे त्याच्याकडून ऐकलेत, तर तो आकडा एककाशिवाय तुमच्या वहीत किंवा इथल्या डॉक्टरांच्या संगणकात जाऊ देऊ नका.

आधार क्रमांकाची गोष्टही अशीच आहे. गणित जुळले म्हणजे क्रमांक रूपाने बरोबर. तो तुमचाच आहे, हे गणित सांगत नाही. आईच्या नोंदणीत मुलाने सवयीने स्वतःचा क्रमांक सांगितला, तर रूप बरोबर असते आणि माणूस चुकीचा.

थोडक्यात, नोंद ‘मान्य’ होणे वेगळे आणि ‘खरी’ असणे वेगळे. पहिले काम संगणकाचे. दुसरे फक्त तुम्हाला माहीत असते.

सर्वांत धोक्याचा शब्द : ‘नाही’

पुन्हा त्या आजींकडे येऊ. वैद्यकीय नोंदीत ‘नाही’ चे दोन अर्थ होऊ शकतात. “विचारले, रुग्णाने नाही म्हटले” हा एक. “विचारलेच नाही” हा दुसरा. कागदी केस पेपरवर हा फरक दिसत असे. न विचारलेली जागा कोरी राहायची आणि कोरी जागा पाहून पुढचा डॉक्टर विचारायचा. संगणकाच्या ज्या प्रणालीत कोरा रकाना आपोआप ‘नाही’ होतो, तिथे हा इशाराच नाहीसा होतो. पुढचा डॉक्टर निश्चिंत होतो, आणि तो चुकीच्या भरवशावर निश्चिंत झालेला असतो.

चांगल्या प्रणालीत ॲलर्जी, गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी अशा रकान्यांना तीन पर्याय असायला हवेत : ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’. आधीपासून एकही निवडलेला नसावा. कुणीतरी निवडल्याशिवाय नोंद पूर्ण होऊ नये. रुग्णालयाच्या प्रणाली बनवणाऱ्यांकडून आणि विकत घेणाऱ्यांकडून आपण सर्वांनी ही मागणी केली पाहिजे. तिला फारसा खर्च नाही.

मग सगळेच सक्तीचे करायचे का?

असे वाटणे साहजिक आहे, पण त्यातही एक अडचण आहे. रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि समोर रांग लागली आहे, अशा वेळी माणूस काहीतरी भरून मोकळा होतो. ज्या आजोबांकडे मोबाइलच नाही, त्यांच्यासाठी नंबरची सक्ती केली, तर सक्तीने खोटा नंबरच मिळणार. ‘नंबर नाही’ असे प्रामाणिकपणे लिहायची सोय असली तरच माहिती खरी राहते.

इशाऱ्यांचेही तसेच. दर मिनिटाला लाल चौकट येऊ लागली, की डॉक्टर आणि सिस्टर न वाचता ‘ओके’ दाबू लागतात. मग खरोखर महत्त्वाचा इशाराही त्यातच जातो. म्हणून अशक्य गोष्ट अडवावी, शंकास्पद गोष्टीबद्दल विचारावे आणि बाकी जाऊ द्यावे, ही पायरी ठरवणे हेच खरे कौशल्य आहे. आई आणि बाळाच्या एकाच कार्डाचे उदाहरण आठवा. “एक कार्ड, एक रुग्णालय” असा आंधळा नियम घातला असता, तर त्या बाळाचे उपचार अडले असते.

आपल्याकडच्या जन्मतारखांचा प्रश्न याहून जुना आहे. अनेक ज्येष्ठांची जन्मतारीख कागदोपत्री १ जानेवारी आहे, कारण आधार काढताना फक्त अंदाजे वय सांगितले गेले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचा लाभ खुला झाला आणि वय आधारवरून धरले जाते. म्हणजे तेव्हा अंदाजाने सांगितलेली दोन वर्षे आज मोफत शस्त्रक्रिया आणि खिशातून खर्च यांच्यातला फरक ठरू शकतात. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते. म्हणून ती बदलायची असेल तर पुरावा हातात घेऊनच जा.

बायकांच्या नावाचे तर विचारूच नका. आधारवर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, बँकेत तिसरेच स्पेलिंग. काउंटरवरचा संगणक म्हणतो, या तीन वेगळ्या बाई आहेत. अशा वेळी आरोग्यमित्राशी भांडून उपयोग नसतो, कारण त्याच्यापुढची प्रणालीच जुळणी नाकारत असते. दाखल होण्याची वेळ येण्याआधी, घरात सगळे ठीक असताना ही नावे एकसारखी करून घेणे, हाच त्यावरचा उपाय.

आताच एवढी काळजी का?

कारण पूर्वी चूक एका फाइलमध्ये राहायची. आता ती तुमच्याबरोबर प्रवास करते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातला ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या तुमच्या नोंदी एकत्र जोडण्यासाठी आहे. (आभा आणि आयुष्मान कार्ड एकच नव्हे. आभा नोंदींसाठी आहे आणि ऐच्छिक आहे. मोफत उपचारांसाठी लागते ते आयुष्मान कार्ड.) या जोडणीचा फायदा मोठा आहे. पुण्यात झालेली अँजिओप्लास्टी नागपूरच्या डॉक्टरांना दिसू शकते, तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. पण चुकीचा रक्तगट किंवा चुकीचा ‘नाही’ देखील तितक्याच सहज दिसतो आणि छापील अक्षराला लोक हाताने लिहिलेल्यापेक्षा जास्त मानतात.

मोबाइल नंबर चुकला तरी परिणाम होतो. नोंदी पाहण्याची परवानगी देताना ओटीपी त्या नंबरवर जातो. तुमचा नंबर चुकीचा असेल, तर ओटीपी अनोळखी माणसाकडे जाईल आणि तुम्ही काउंटरवर वाट पाहत राहाल.

चूक साठवण्याआधी सुधारायला दहा सेकंद लागतात. साठवल्यानंतर तीच चूक प्रयोगशाळेत, औषधाच्या दुकानात, विम्याच्या दाव्यात आणि डिस्चार्ज कार्डावर पोचलेली असते. मग प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज.

तुम्ही काय करू शकता?

• नोंदणीच्या वेळी एकच वाक्य म्हणा : “सेव्ह करण्याआधी एकदा वाचून दाखवाल का?” नाव, वय, लिंग, मोबाइल नंबर एवढे ऐका. हे मागताना संकोच करू नका, कुणी रागावत नाही.

• ॲलर्जीबद्दल कुणी विचारले नाही, तरी तुम्ही सांगा. औषधाचे नाव, काय झाले होते आणि साधारण कधी. ॲलर्जी नसेल तर “विचारून लिहा, नाही” असे म्हणा.

• मुलांचे वजन आठवणीने सांगू नका, त्या दिवशी काट्यावर करून घ्या. चिठ्ठीवर वजन लिहिले आहे का आणि ते बरोबर आहे का, ते औषध देण्याआधी पाहा.

• रक्तगट अंदाजाने सांगू नका. रिपोर्ट नसेल तर “माहीत नाही” म्हणा. रक्त देण्याआधी रुग्णालयाने गट आणि जुळणी पुन्हा तपासायचीच असते, पण चुकीची नोंद गोंधळ वाढवते.

• घरातल्या ज्येष्ठांसाठी एक कागद तयार ठेवा : आधारप्रमाणे पूर्ण नाव आणि जन्मतारीख, चालू असलेली औषधे मात्रेसह, ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया. सोबत येणारा माणूस बदलला तरी माहिती बदलत नाही.

• रिपोर्ट हातात आला की आकड्यांआधी वरच्या दोन ओळी वाचा. नाव तुमचेच आहे का? वय? तारीख? आकड्यापुढचे एकक?

• डिस्चार्ज कार्ड वॉर्डातच वाचा. डावा-उजवा पाय, औषधांची नावे, ॲलर्जीचा रकाना. चूक दिसली तर निघण्याआधी सांगा आणि सुधारलेली प्रत घ्या. तोंडी “ते आम्ही बघतो” यावर समाधान मानू नका.

• घरी आल्यावर चूक कळली, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाखल रुग्णाच्या नोंदींची प्रत मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. रुग्ण गंभीर असेल तर आधी उपचार, नोंदी नंतर. छातीत दुखत असलेल्या माणसाचे स्पेलिंग जुळवत बसायचे नसते. धावपळ थांबल्यावर मात्र कुणीतरी एकाने ती नोंद शांतपणे वाचायची जबाबदारी घ्यावी.

त्या आजींच्या मुलाने नंतर त्या रुग्णालयात जाऊन नोंद बदलून घेतली. पुढच्या भेटीत नवीन कार्ड दाखवले. ॲलर्जीच्या रकान्यात आता ‘पेनिसिलिन – चेहऱ्यावर सूज’ असे लिहिले होते. आजींनी मात्र संगणकावर भरवसा ठेवलेला नाही. त्यांनी मुलाकडून एका चिठ्ठीवर तेच लिहून घेतले आहे आणि ती चिठ्ठी बटव्यात, चंचीशेजारी ठेवली आहे. माझ्या मते त्यांचे बरोबर आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. लेखातील औषधांच्या मात्रा केवळ उदाहरणादाखल दिल्या आहेत. औषध तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)